हालखाता : लकडगंजातून दिसलेलं बंगालचं नवं वर्ष

(रविवार, १३ एप्रिल २०२५ रोजी लकडगंज, नागपूर येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



आज बैसाखी आहे. क्वेटा कॉलनीतली मंडळी सकाळी गुरुद्वाऱ्यात जाऊन आली, त्यांच्यातले दोन-तीन चेहरे मला समोर दिसताहेत. उद्या १४ एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. रात्री बारानंतर नागपूरचा कोणता रस्ता कुठे जातो हे या गावाला सांगावं लागत नाही. आणि परवा, मंगळवारी, कोलकात्यात १४३२ साल सुरू होईल. आपली गुढी ३० मार्चला उभारून उतरली. तिच्या मागोमाग सिंधी घरांत चेटीचंड झाला. आषाढी बीज आली की आरामशीनवाल्या कच्छी घरांत नवं वर्ष लागेल आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गुजराती घरांत पुन्हा एकदा. लकडगंजच्या एका चौकात उभं राहिलं तर वर्ष निदान पाच-सहा वेळा नवं होतं. यांतलं बंगालचं वर्ष इथे सगळ्यांत कमी दिसतं. बंगाली घरं धंतोलीकडे, रेल्वेच्या वसाहतींत. इथे फार थोडी. तरी आज मी त्याच्यावरच बोलणार आहे, कारण या लाकडाच्या बाजाराला ते वर्ष इतर कोणाहीपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमतो ते मास्तर संध्याकाळी हमालांच्या आणि आरामशीनवर काम करणाऱ्या मुलांना देशी जमाखर्च शिकवायचे. कीर्द, खतावणी, रोजमेळ. त्यांच्या वर्गात पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली जायची : जमेची बाजू डावी, नावेची उजवी, आणि नाव लिहिताना माणसाचं नाव पूर्ण लिहायचं. अर्धवट नाव लिहिलं तर ते पान परत लिहायला लावायचे. माझे वडील त्यांचेच विद्यार्थी. पुढे ते इथल्याच एका सागवानाच्या वखारीत मुनीम झाले आणि चौतीस वर्षं त्याच गादीवर बसले.

त्या वखारीत एक बंगाली गृहस्थ यायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले. पुढे त्यांनी खुर्च्या-टेबलांचा लहानसा कारखाना काढला होता. सगळे त्यांना दादा म्हणायचे. बल्लारशाच्या डेपोतून सागाचा माल आला की दादा ओंडक्याच्या तोंडावर थुंकीचं बोट फिरवून रेषा बघायचे, मग हळूच म्हणायचे, हा आलापल्लीचा. माल उधारीवर न्यायचे, महिन्या-दोन महिन्यांनी थोडे थोडे पैसे द्यायचे, जसे सगळेच द्यायचे. पण दरवर्षी एप्रिलच्या पंधरा तारखेच्या आसपास ते न बोलावता यायचे. धुतलेलं धोतर, हातात संदेश मिठाईचा डबा. गादीच्या कडेला बसायचे, वडिलांना वही काढायला सांगायचे, राहिलेली बाकी चुकती करायचे. आणि त्यावर आणखी अकरा रुपये ठेवून म्हणायचे, हे नव्या खात्यावर लिहा. वडील म्हणायचे, दादा, आमची वही दिवाळीला बदलते. दादा म्हणायचे, तुमची बदलते दिवाळीला, माझी आज बदलते.

मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. संदेश आवडायचा, एवढंच. फार नंतर, वाणिज्य शिकवायला लागल्यावर, बंगालच्या बाजारांत पोइला बैशाखाला, म्हणजे वैशाखाच्या पहिल्या दिवशी, काय होतं हे मी वाचलं, एकदा जाऊन पाहिलं आणि लक्षात आलं की दादा उलट्या दिशेने चालत होते. तिथे दुकानदार गिऱ्हाइकाला बोलावतो. इथे बोलावणारं कोणी नव्हतं, म्हणून गिऱ्हाईक स्वतःच आलं होतं.

काय होतं त्या दिवशी? दुकान आदल्या रात्री धुऊन काढतात. आंब्याच्या पानांचं तोरण, दारात केळीचे खुंट. सकाळी मालक नवी वही घेऊन देवळात जातो. कोलकात्यात कालीघाटला किंवा दक्षिणेश्वरला पहाटेपासून रांगा लागतात आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात लाल कापडाच्या बांधणीची वही असते. बरोबर गणपती आणि लक्ष्मीच्या छोट्या मूर्ती. पुजारी पहिल्या पानावर शेंदराने स्वस्तिक काढतो, रुपयाचं नाणं शेंदरात किंवा चंदनात बुडवून त्याचा ठसा उमटवतो. मुसलमान दुकानदारही वही उघडत, ते पानाच्या माथ्यावर ‘एलाही भरसा’ लिहीत. म्हणजे ईश्वराचा भरवसा. संध्याकाळी गिऱ्हाइकं येतात. त्यांना आधी निमंत्रणाची चिठ्ठी गेलेली असते. सरबत, मिठाईचा डबा, बंगाली तारखांचं भिंतीवरचं कॅलेंडर, आणि मग जुनी बाकी. कोणी सगळी देतो, कोणी थोडी, कोणी नव्या खात्यावर आगाऊ रक्कम ठेवतो. या सगळ्याचं नाव हालखाता. कॉलेज स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानांतही हे घडतं : लेखक त्या दिवशी प्रकाशकाकडे जातात, गप्पा होतात, मानधनाचा हिशेब होतो. मोहनबागान आणि ईस्ट बंगाल हे फुटबॉलचे क्लब त्याच सकाळी मैदानावर गोलच्या खांबांची पूजा करतात, तिला बारपूजा म्हणतात. आपण दसऱ्याला आरामशीनच्या पात्याला हळदकुंकू वाहतो, तसंच.

‘हालखाता’ हा शब्द जरा उलगडून पाहू. खाता म्हणजे वही. हाल हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, अर्थ : चालू, आत्ताचं. मराठीत ‘हाल’ म्हटलं की आपल्याला कष्ट आठवतात, पण हाच शब्द ‘हल्ली’मध्ये बसलेला आहे आणि आपण तो दिवसातून दहादा उच्चारतो. तेव्हा हालखाता म्हणजे ‘हल्लीची वही’. ‘बाकी’ हा शब्द तर दोन्हीकडे अगदी तोच. आणि ‘गंज’? नारायणगंज, सिराजगंज, राणीगंज, अशी बंगालची कितीतरी गावं. फारसीत गंज म्हणजे साठा, खजिना. त्यावरून भरलेली पेठ. लकडगंज, बगडगंज ही आपली नावं त्याच गोतातली. पद्मेच्या काठावरच्या ताग विकणाऱ्या गंजातला माणूस आणि आपल्या घनफुटांवर लाकूड विकणाऱ्या गंजातला माणूस एकमेकांच्या वहीचा मथळा वाचू शकले नसते, पण आतलं पान त्यांना कळलं असतं.

आता हे वर्ष एप्रिलच्या मध्यालाच का? बंगालचा महिना चंद्रावर नाही, सूर्यावर चालतो. सूर्य मेष राशीत आला की चैत्र संपला आणि वैशाख लागला. तामिळ पुतांडु, केरळचा विषू, आसामचा रोंगाली बिहू आणि आजची बैसाखी ही सगळी याच एका संक्रांतीची भावंडं. आपला पाडवा चंद्राचा, म्हणून तो मार्च-एप्रिलात पुढे-मागे सरकतो आणि अधिक महिना घालून आपण त्याला ऋतूशी जुळवत राहतो.

साल कोणी सुरू केलं यावर वाद आहेत. काही अभ्यासक गौडचा राजा शशांक याच्यापर्यंत मागे जातात. सर्वांत प्रचलित मत मात्र अकबराकडे बोट दाखवतं, आणि त्यातलं कारण आपल्या मुलांना शिकवण्यासारखं आहे. हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. पीक सूर्याचं. दरवर्षी अकरा दिवस सरकत गेले की सारावसुलीची तारीख उभ्या पिकात येऊन पडते, आणि बत्तीस हंगामांत रयतेकडून तेहेतीस वर्षांचा सारा मागितला जातो. म्हणून १५८४ मध्ये अकबराच्या दरबारात सूर्यवर्षावर आधारलेली गणना आली. मोजणी त्याच्या राज्यारोहणाच्या सालापासून, म्हणजे हिजरी ९६३, इसवी १५५६ पासून. तुम्ही आत्ता पाटीवर करून बघा : २०२५ मधून १५५६ वजा, ४६९ उरतात, त्यांत ९६३ मिळवा. १४३२. परवा लागणारं साल तेच.

ही गणना बसवणारा विद्वान फतहुल्ला शिराजी हा अकबराकडे येण्यापूर्वी विजापूरला आदिलशाही दरबारात होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कारण दख्खनमध्ये त्याआधी दोनशे-अडीचशे वर्षं असाच एक मेळ घातलेला होता : सुहूर सन. मोडी कागद वाचणाऱ्यांना ते ठाऊक असतं. आकडे अरबी शब्दांत लिहिलेले, पण वर्ष सुरू व्हायचं सूर्य मृग नक्षत्रात गेला की. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. पेशवाईपर्यंत आपला वसुली हिशेब त्यावर चालला. शिराजीने विजापुरात मृगसाल पाहिलं असणार आणि ते डोक्यात ठेवून तो उत्तरेत गेला असणार, हा माझा अंदाज आहे. पुरावा म्हणून मी तो मांडत नाही. पण बंगालचा वैशाख आणि आपला मृग ही दोन्ही वर्षं शेतकऱ्याच्या अंगणातून वसुलीच्या कचेरीत गेली, हे नक्की.

तेव्हा या सणाचं मूळ गोड नाही. ते साऱ्यात आहे. नवाब मुर्शिदकुली खानाच्या काळात बंगालात ‘पुण्याह’ नावाचा दिवस रूढ झाला. जमीनदार मुर्शिदाबादला जमून आपला वसूल भरत, खिलत घेऊन परतत. मग तेच खाली झिरपलं : कूळ जमीनदाराच्या कचेरीत खंड भरायचं, जमीनदार विडा आणि मिठाई द्यायचा. १७९३च्या कायमधाऱ्यानंतर ठरल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सारा भरला नाही तर जमीनदाराची मालमत्ता लिलावात जायची, आणि त्या भीतीचं ओझं शेवटी कुळाच्या पाठीवरच यायचं. शिलाईदहाला तरुण रवींद्रनाथ ठाकूर जमीनदारी बघायला गेले तेव्हा पुण्याहाच्या बैठकीत जातीधर्मानुसार वेगवेगळी आसनं मांडलेली होती; ती काढून सगळ्यांना एका बिछायतीवर बसवल्याशिवाय समारंभ होणार नाही असं त्यांनी सांगितलं, ही हकीकत त्यांचे चरित्रकार देतात. १९५०च्या दशकात दोन्ही बंगालांत जमीनदारी कायद्याने गेली, तिच्याबरोबर पुण्याहही गेला. दुकानाची वही तेवढी उरली.

सारा भरून मिळणारी मिठाई आणि उधारी फेडून मिळणारी मिठाई यांत मी फरक करते. पहिलीत द्यावंच लागतं, जायला दुसरी जागा नसते. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात सालगड्याचं वर्ष पाडव्याला बदलतं. त्या दिवशी त्याचाही हिशेब होतो, पण गेल्या वर्षीची उचल नव्या वर्षात ओढून नेली जाते आणि माणूस तिच्याबरोबर ओढला जातो. तिथेही वही आहे, गूळ आहे, नवं वर्ष आहे. त्याला मी सण म्हणू शकत नाही. हालखात्यात मला जे मोलाचं वाटतं ते असं : ज्याच्या अंगावर कर्ज आहे तो त्या दिवशी पाहुणा असतो. एरवी ज्या दुकानासमोरून तो मान खाली घालून जातो, त्याच दुकानात त्याला पुढच्या दाराने बोलावलं जातं, बसायला दिलं जातं, आणि पैशाची गोष्ट सरबतानंतर निघते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती वाचून मागे फिरलेल्या आईबरोबर मी लहानपणी चाललेली आहे. म्हणून मी हे बोलते.

आता नागपूरच्या गादीवर बसून बंगालचं नवं वर्ष सांगायचं तर एक जुनं पान उघडावंच लागेल. १७४१ ते १७५१ ही दहा वर्षं. पहिल्या रघुजी भोसल्यांच्या फौजा इथून बंगालवर जात होत्या. सेनापती भास्करराम कोल्हटकर. त्यांनी कटव्याजवळ दुर्गापूजाही मांडली होती, बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने हल्ला करून ती उधळली. पुढे वाटाघाटीला बोलावून मानकरा इथल्या छावणीत १७४४च्या मार्चअखेर त्यांना आणि त्यांच्या सरदारांना मारलं गेलं. आपण शाळेत हा दगा शिकतो. बंगाली मूल मात्र पाळण्यात दुसरी बाजू ऐकतं : त्यांच्या एका सर्वांना ठाऊक असलेल्या अंगाईत बर्गी येतात, पक्षी धान खाऊन जातात आणि आई विचारते की आता सारा कशाने भरायचा. बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७५१च्या तहात ओडिशा भोसल्यांकडे आला आणि बंगालच्या चौथाईचे वर्षाला बारा लाख ठरले. ते बारा लाख कोणाच्या धानातून निघाले असतील, हे त्या अंगाईतल्या आईला माहीत होतं. नागपूरच्या दफ्तरात ती रक्कम जमेच्या बाजूला पडली. दुसरी बाजू आपण लिहिली नाही. मास्तरांनी असं पान परत लिहायला लावलं असतं.

बंगालने मात्र पुढे नागपूरला बरंच दिलं. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली. १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल मार्ग झाला. त्या गाड्यांबरोबर तारबाबू, गार्ड, कारकून, डॉक्टर, मास्तर आले. वकील बिपिनकृष्ण बोस त्याआधीच आलेले होते; १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ते त्याचे पहिले कुलगुरू झाले. १९२८ मध्ये धंतोलीत रामकृष्ण मठ आला. ज्या विद्यापीठाच्या पदवीवर मी पस्तीस वर्षं पगार घेतला त्याच्या पहिल्या पानावर एका बंगाली माणसाचं नाव आहे.

आणि उद्याच्या दिवसाशी जोडलेली एक नोंद. १९४६ मध्ये बाबासाहेबांना संविधान सभेत जायचं होतं तेव्हा मुंबई प्रांतातून दार बंद झालं. ते निवडून आले बंगालच्या विधिमंडळातून. जोगेंद्रनाथ मंडल आणि नमःशूद्र समाजाचे प्रतिनिधी त्यांच्या पाठीशी होते. वर्षभरात फाळणी झाली. ज्या समाजाने ही साथ दिली त्यातली असंख्य कुटुंबं पुढे निर्वासित झाली आणि त्यांतली काही इथे, आपल्या शेजारी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. आजचा गडचिरोली : मुलचेरा, चामोर्शी. तिथे बांधीत धान आहे, घरामागे पोखर म्हणजे तळं आहे, तळ्यात मासे आहेत, दारात तुळस आहे. लकडगंजात येणारं सागवान ज्या जंगलांतून येतं, त्याच जंगलांच्या कडेला पोइला बैशाख येतो. आपल्याला बंगालचं नवं वर्ष बघायला हावडा गाडी धरण्याची गरज नाही, सकाळची एसटी पुरते.

सीमेपलीकडच्या बंगालविषयी थोडंसंच सांगते, कारण ते वर्तमानपत्रांत येतं. पाकिस्तानच्या काळात रवींद्रसंगीतावर सरकारी वक्रदृष्टी होती तेव्हा ‘छायानट’ या संस्थेने १९६७ मध्ये ढाक्याच्या रमना बागेत झाडाखाली पहाटे गाऊन वर्ष सुरू केलं. २००१ मध्ये त्याच पहाटेच्या गाण्यात बॉम्बस्फोट झाला, माणसं गेली. गाणं पुढच्या वर्षी पुन्हा झालं. १९८९ पासून ढाका विद्यापीठाच्या कलाविभागातून मुखवट्यांची मिरवणूक निघते, २०१६ मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली. बांगलादेशची तारीख १४ एप्रिलला पक्की केलेली आहे, पश्चिम बंगालची पंचांगाप्रमाणे बहुधा १५. एकाच भाषेची दोन नवी वर्षं, मध्ये एका रात्रीचं अंतर. मला त्या रात्रीचं वाईट वाटतं.

पुन्हा आपल्या गादीवर येऊ. आपल्याकडे पूर्वी आयकर कायद्यात व्यापाऱ्याला आपलं हिशेबी वर्ष निवडता यायचं. कोणाचं दिवाळीचं, कोणाचं रामनवमीचं, बंगालात वैशाखाचं. सरकारचं वर्ष १८६७ पासून एप्रिल ते मार्च होतं, पण बाजाराचं वर्ष बाजाराच्या देवाचं होतं. कायदा बदलला आणि ३१ मार्च १९८९ला सगळ्या वह्या एका दिवशी बंद झाल्या. दिवाळीवाल्यांचं ते वर्ष सतरा महिन्यांचं झालं होतं. वडील रोज रात्री घरी वही आणायचे आणि सतरा महिन्यांची खतावणी जुळवत बसायचे. आई म्हणायची, एवढं लांब वर्ष मी पाहिलं नाही. त्यानंतरही लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू वाहिलं जातच राहिलं, बंगालातही नाण्याचा ठसा उमटतच राहिला. पण त्या दिवशी हिशेब मिटेना, फक्त पूजा होऊ लागली. पुढे संगणक आले, मग २०१७ मध्ये जीएसटी आला. आता लाल वही बऱ्याच दुकानांत पूजेपुरती विकत आणतात आणि ती कोरीच राहते.

दादा १९८९च्या एप्रिलातही आले होते. वडिलांनी त्यांना सांगितलं की आता आमचीही वही एप्रिलला बदलणार. दादांना फार आनंद झाला. सरकारने आमचं ऐकलं, असं ते म्हणाले. त्या वर्षी त्यांनी दोन डबे आणले. बाकी दिली, अकरा रुपये नव्या खात्यावर ठेवले. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांचा मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला होता, कारखाना बंद झाला, माल न्यायला कोणी आलं नाही.

वखारीच्या जागी आता प्लायवूडचं दुकान आहे. जुन्या वह्या रद्दीत निघाल्या तेव्हा वडिलांनी १९८९ सालची एक वही मागून घेतली, ती आमच्या घरी कपाटात आहे. येण्यापूर्वी मी ती काढून पाहिली. दादांच्या पानावर उजव्या बाजूला काही नाही. डावीकडे त्यांचं पूर्ण नाव, खाली मिती आणि जमा रुपये अकरा.